वाळली की येतो

माझ्या साडूंइतका संताप आणणारा माणूस अमेरिकेच्या पन्नास राज्यांत सापडणार नाही, आणि राज्याचा दर्जा नसलेल्या तिच्या बेटांवरही सापडणार नाही. दोन्हीकडे मी त्यांच्याबरोबर राहून आलो आहे, तेव्हा ही ऐकीव माहिती नाही. वाईट माणसाचा राग येतो तो सोपा राग असतो, दोन शिव्या हासडल्या की निवतो. माझ्या साडूंची पंचाईत अशी की ते इतके चांगले आहेत की त्यांना शिवी घालायची सोय नाही. विमानतळावर न्यायला कुणी नसलं तर हे दोन तास गाडी हाकत येतील, तुमची बॅग तुमच्या हातातून हिसकावून घेतील, घरी नेऊन गरम वरणभात वाढतील, आणि तुम्ही पहिला घास तोंडात घालताच असं काहीतरी बोलतील की तो घास तिथेच अडकावा. हे लिहितानासुद्धा माझी बोटं इतकी जोरात आपटताहेत की आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, हळू. कीबोर्डनं काय केलंय तुमचं?"

नातं सांगायचं तर आमच्या बायका सख्ख्या बहिणी, दोघी नागपूरच्या. त्यांची थोरली, माझी धाकटी. साडू दापोलीकडच्या एका समुद्रकाठच्या गावचे. ते राहायचे न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला; मी टेक्सासात, शुगर लँडला. दोघंही कॉम्प्युटरच्या नोकरीचा व्हिसा घेऊन या देशात आलो. मी त्यांच्याआधी दोन वर्षं आलो आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत त्यांच्याआधी उभा राहिलो. रांग माझ्यापर्यंत बरी चालली, आणि मग जी बसली ती जवळजवळ बसूनच राहिली. मला कार्ड मिळालं, त्यांना नाही. यात माझं कर्तृत्व एवढंच की मी आधीच्या विमानात बसलो होतो. ते मात्र सोळा-सतरा वर्षं रांगेतच उभे होते, आणि एवढ्या काळात त्यांच्या तोंडी एकच पालुपद होतं: "कार्ड आलं की."

कार्ड आलं की सोफा घ्यायचा होता. तोवर त्यांच्या दिवाणखान्यात जंगलात तंबू ठोकायला जाताना नेतात तसल्या घडीच्या कापडी खुर्च्या होत्या, हातावर बाटली ठेवायला जाळीचा खळगा असलेल्या. "सामान हलकं असावं," ते म्हणायचे, "उद्या जा म्हणाले तर?" माझी आई भारतातून आली होती तेव्हा त्यांच्याकडे त्या खुर्चीत बसली, आणि बसली ती खाली खाली जातच राहिली. गुडघे हनुवटीला टेकले. तिला बाहेर काढायला आम्ही दोघं साडू लागलो, आणि एका बाजूनं तिला ओढता ओढता हे सांगत होते, "मावशी, कार्ड आलं की पहिला सोफाच." अमेरिकेत सोफा रेशनकार्डावर मिळतो अशी आईची अगदी शेवटपर्यंत समजूत होती. भिंतीला खिळा मारायचा नाही, हाही नियम. खिळा मारला की माणूस गुंतला. त्यामुळे लग्नाचा फोटो, सासऱ्यांचा फोटो आणि गणपतीची तसबीर अशी सगळी मंडळी जमिनीवर भिंतीला पाठ टेकून बसलेली असायची. कढीपत्ता कुंडीत लावला नव्हता, कडी असलेल्या बादलीत लावला होता. कडी धरली की निघता येतं. त्यांची लेक दुसरीत होती तेव्हा तिनं कुत्रा मागितला होता. त्याचं नावही ठरवून ठेवलं होतं, बिस्किट. "कार्ड आलं की," बाबा म्हणाले. लेक शाळा संपवून कॉलेजात गेली, बिस्किट काही आलं नाही.

फिरायला जाण्याचं तर विचारूच नका. रांगेतल्या माणसाला देशाबाहेर जाता येतं, पण परत येताना व्हिसाचा नवा शिक्का लागतो, आणि तो शिक्का कधी आठवड्यात मिळतो, कधी महिनोन्महिने अडकतो. त्यामुळे पुष्कळ जण बाहेर जायला बिचकतात, हे मला मान्य आहे. पण आम्ही दोन्ही कुटुंबं नायगाराला गेलो तेव्हा हे कठड्यापासून चार हात लांब उभे. का, तर पलीकडे कॅनडा. पाय घसरला आणि वाहत पलीकडच्या काठाला लागलो तर परत येताना शिक्का मागतील. मी म्हटलं, साडूभाऊ, तिथून खाली पडलेल्या माणसाकडे कुणी शिक्का मागत नाही. ते गंभीरपणे म्हणाले, "आणि वाचलो तर?"

या सगळ्या वर्षांत ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीनं, एकच गोष्ट मागितली होती. नागपूरच्या मुलीनं समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, सासरच्या गावी. नवी नवरी, भरजरी साडी, शेजारी सासूबाई आणि दोन आतेसासवा. पाण्याला पाऊल लावायची परवानगी मिळाली तेवढीच. तेव्हा आमचे साडू कानाशी लागून म्हणाले होते, "तुला पोहायला शिकवीन." मग पाहुणे, मग स्वयंपाकघर, मग अमेरिका. न्यू जर्सीच्या समुद्रात भर उन्हाळ्यातही पाऊल घातलं की दाढा वाजतात. कुठल्याशा कॅलेंडरवर ताईंनी कॅरिबियनचा निळा समुद्र पाहिला आणि तेव्हापासून त्यांनी तो मनाशी धरला. "कोमट पाणी हवं," त्या म्हणायच्या, "आणि गुडघ्यापर्यंत नाही, गळ्यापर्यंत. आणि हे सोबत हवेत." यावर काय उत्तर यायचं ते तुम्हाला आता माहीत आहे.

मीही हट्टाला पेटलो होतो. पोर्टो रिकोचा शोध मीच लावला. समुद्र कॅरिबियनचा, पण बेट अमेरिकेच्या ताब्यातलं. पासपोर्ट नको, शिक्का नको, न्यू जर्सीहून मायामीला गेल्यासारखं. मी विजयी मुद्रेनं फोन केला. पलीकडून प्रश्न आला, "विमान वळवलं तर?" म्हणजे कसं, की वाटेत वादळ आलं, पायलटनं विमान शेजारच्या दुसऱ्या देशाच्या बेटावर उतरवलं, तर आपण अमेरिकेच्या बाहेर. "वकिलाला विचारलं मी," ते म्हणाले. "तो हसला. हसला म्हणजे त्याला माहीत नाही." मी फोन ठेवला तो थेट दिवाळीला उचलला. माणसानं भ्यावं, पण किती भ्यावं याला काही सुमार?

मग या वर्षी वसंतात त्यांची नोकरी गेली. एका सकाळच्या कॉलवर, चहा संपायच्या आत. रांगेतल्या माणसाची नोकरी गेली की दोन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दोन महिन्यांत कोण उभं करतं? त्यांनी जिथे जिथे अर्ज केला तिथून गोड शब्दांत नकार आले. दुसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला ठरलं, पुण्याला परत जायचं. लेक इथलीच नागरिक, आमच्याजवळच ह्यूस्टनला कॉलेजात, ती इथे राहणार आणि शनिवार-रविवार आमच्याकडे येणार. सामान हलकं होतंच. आणि तेव्हा ताईंनी सांगितलं की जायच्या आधी मला तो समुद्र हवा, गळ्यापर्यंत, आणि हे सोबत. फोनवर त्या रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत, भाजी सांगावी तसं सांगितलं. साडूंनी तिकिटं काढली. मी मुद्दाम विचारलं, विमान वळवलं तर? ते म्हणाले, "वळवू दे. आता कुठे जायचं राहिलंय?" मला वाटलं होतं हे वाक्य ऐकून मला आनंद होईल.

तर जूनमध्ये आम्ही पाच जण त्या गावात पोचलो: ते तिघं आणि आम्ही दोघं. गाव एवढंसं. टोपी पडावी इतक्या उतारावरच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळी, निळी, गुलाबी बैठी घरं, एक पावाची बेकरी, झाडाखाली डॉमिनो खेळणारे म्हातारे आणि रस्ता संपतो तिथे समुद्र. आम्ही एका आजीबाईंच्या घराचा वरचा मजला घेतला होता. त्यांना इंग्रजी यथातथा, पण लेकीनं शाळेत स्पॅनिश घेतलं होतं त्यामुळे भागायचं. खिडकीतून पाणी दिसत होतं, आणि ताई बॅग न उघडता त्या खिडकीशीच उभ्या होत्या. मला बरं वाटलं. साडू गाडीतून उतरले, त्यांनी एकदा चौफेर पाहिलं, आणि त्यांना जो राग आला तो पुढे पाचही दिवस उतरला नाही.

राग कशाचा, तर तिथे सगळं त्यांच्या गावासारखंच होतं. माड होते. गुलमोहर फुलले होते. फाटकातून आत येताच फणसाचा वास आला. बेकरीशेजारच्या टपरीवर एक बाई नीरफणसाच्या चकत्या तळत होती. साडूंनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली, चौथ्या चकतीला त्यांचा आवाज चढला. "हा नीरफणस इथे काय करतो? आंबा इथे आला, फणस आला, गुलमोहर आला. यातल्या एकाला तरी कुणी रांगेत उभं केलं?" त्या बाईला वाटलं मीठ कमी पडलं. तिनं आणखी मीठ घातलं, आणि ते खारट झालं म्हणून हे आणखी चिडले. नारळवाला शहाळं उभं तासतो म्हणून चिडले. कोळ्यांच्या होड्या चुकीच्या बाजूनं ओढतात म्हणून चिडले. घरी कुकरमध्ये भात लावला, हो, न्यू जर्सीहून कुकर आणला होता, आणि शिट्टी ऐकून शेजारचे दोघे धावत बघायला आले, तर त्यांच्यावरही चिडले. पण खरा भडका उडाला तो आंब्यांवरून.

उतारावरच्या त्या रस्त्याला दोन्हीकडे आंब्याची जुनी झाडं होती आणि आंबे पिकून रस्त्यावर पडत होते. रायवळ जातीचे, छोटे, धागेदार, रसाळ. गाड्या त्यांच्यावरून जायच्या, कोंबड्या टोचायच्या, इग्वाना खायचे. इग्वाना म्हणजे आपल्या घोरपडीसारखा प्राणी. तिथे तो मांजरासारखा कुंपणावर बसलेला असतो. गावातलं कुणी ते आंबे उचलत नव्हतं, घराघरात टोपल्या भरलेल्याच असणार. साडू मधोमध उभे राहून त्या लगद्याकडे पाहत होते. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता हे कुणाला तरी मारणार. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्यात आंबे गोळा करायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई पोहायचे कपडे घालून तयार. आयुष्यात पहिल्यांदा घातलेले, वरून ओढणी. लेक आणि आमची ही दोघी त्यांच्या मागे. आणि हे महाशय स्वयंपाकघरात कोपरापर्यंत पिवळे. रस पिळून, चाळून, साखर घालून आटवायला ठेवलेला. आंबापोळी घालायची होती. ताटाला तुपाचा हात लावायचा, आटलेला रस पातळ ओतायचा, गच्चीवर उन्हात ठेवायचा. एक थर सुकला की त्यावर दुसरा, मग उलटायचं, पुन्हा ऊन. आजीबाईंकडचे केक भाजायचे झाडून सगळे ट्रे त्यांनी खुणा करून मागून घेतले होते. "तुम्ही व्हा पुढे," ते ताईंना म्हणाले, "एवढं उन्हात ठेवतो आणि आलोच." ताई त्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत क्षणभर थांबल्या आणि गेल्या. त्या दिवशी त्या पाण्यात गुडघ्यापर्यंतच उभ्या राहिल्या. मी म्हटलं, ताई, या की पुढे, मी आहे ना. त्या म्हणाल्या, "नको. हे येतील."

हे आले नाहीत. आंबापोळी उघड्यावर टाकून येणार कसं? गच्चीच्या कठड्यावर इग्वाना येऊन बसला होता आणि हे त्याच्यासमोर छत्री उगारून. त्या बेटावर दुपारी कुठूनतरी ढग येतो, पाच मिनिटं सडसडून जातो आणि पुन्हा लख्ख ऊन. ढग आला की हे ट्रे आत, ढग गेला की ट्रे बाहेर. आजीबाई जिन्याशी खुर्ची टाकून हा खेळ बघत बसायच्या. टीव्ही लावायचं त्यांनी सोडलंच होतं. जेवताना आम्ही समुद्राबद्दल बोलायचो आणि हे हवेतल्या दमटपणाबद्दल. लेक एकदा वैतागून म्हणाली, "बाबा, जस्ट गेट इन द वॉटर. आई इज वेटिंग." त्यांनी तिच्या ताटात भात वाढला. तिसराही दिवस तसाच गेला.

चौथ्या दिवशी दुपारी मी गच्चीवर गेलो. आता मात्र मी ठरवूनच गेलो होतो. खाली किनाऱ्यावर ताई टॉवेल अंथरून गावाकडे तोंड करून बसल्या होत्या. समुद्राला पाठ. एवढ्या लांब येऊन ही बाई समुद्राकडे पाठ करून रस्त्याकडे बघत बसली होती, आणि हा माणूस तुपाचा हात लावत होता.

मी म्हटलं, "साडूभाऊ, उद्या दुपारी विमान आहे. ताई खाली वाट बघताहेत. चला."

ते ट्रेवर वाकून कडा चाचपत म्हणाले, "ही वाळली की येतो."

माझ्या डोक्यात काय झालं ते सांगता येणार नाही. सोफा, खिळे, बादलीतला कढीपत्ता, नायगाराचा कठडा, न आलेलं बिस्किट, सगळं मी त्या गच्चीवर बाहेर काढलं. त्यांना म्हणालो की तुम्ही भित्रे आहात, एका प्लॅस्टिकच्या तुकड्यासाठी तुम्ही दोन माणसांची अर्धी आयुष्यं ताटकळत ठेवलीत, तो तुकडा तर मिळाला नाहीच, आणि आता कसली वाट बघताय तर आंबापोळीची. इतक्या जोरात म्हणालो की खालचे डॉमिनो थांबले. आजीबाई खुर्चीतूनच "काल्मा, काल्मा" म्हणून मला शांत करायला लागल्या. साडूंनी सगळं ऐकून घेतलं, एक कड हलकेच उचलून पाहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्हाला मिळालं ना? मग तुम्ही कशाला ओरडताय?"

जिना उतरून मी खाली गेलो आणि किनाऱ्यावर लांबपर्यंत चालत राहिलो, वाळू लाथाडत. राग त्यांचा आला होता हे खरं, पण सगळा त्यांच्यावर नव्हता. त्या रांगेवर होता, जिच्यात माणूस केस पिकेपर्यंत उभा राहतो आणि कुणी त्याला बस म्हणत नाही, जा म्हणत नाही. चहा संपायच्या आत एवढ्या वर्षांच्या माणसाला रजा देणाऱ्या त्या कॉलवर होता. आणि मी आधीच्या विमानात बसलो, यावरही होता. त्या रात्री जेवताना आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. आमच्या हीनं दोघांनाही मीठ वेगवेगळं दिलं.

शेवटच्या सकाळी बॅगा भरून दाराशी ठेवल्या होत्या. विमानतळ दोन तासांवर. ताईंनी पोहायचे कपडे पुन्हा घातले होते, कुणाला काही न सांगता, आणि त्या गच्चीवर आल्या. आम्हीही मागून गेलो. साडू ट्रेपाशी उकिडवे बसले होते. कडा छान सुटल्या होत्या, तांबूस, चकचकीत. पण मधे बोट लावलं की बोट आत जात होतं. आजीबाई काहीतरी म्हणाल्या आणि लेकीनं सांगितलं, "बाबा, शी सेज इथे ह्युमिडिटी खूप आहे. अजून एक वीक तरी लागेल." साडू नुसते त्या पिवळ्या ओल्या मधल्या भागाकडे बघत राहिले. नोकरी गेल्याचं त्यांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा आवाज हलला नव्हता. आता त्यांचा खालचा ओठ हलत होता.

ताई त्यांच्याशेजारी खाली बसल्या. एरवी फार व्यवस्थित बोलणाऱ्या ताई रागावल्या की थेट नागपूरच्या होतात. म्हणाल्या, "काय करून राहिले तुम्ही?" आणि त्यांनी ट्रेच्या बरोबर मध्यात बोटं घातली, ओला गोळा उचलला आणि तोंडात टाकला.

"अगं, वाळली नाही अजून," साडू म्हणाले.

"झाली."

"ओली आहे मधे. बघ ना."

"झाली म्हणते ना मी."

मग दुसरा घास त्यांनी साडूंच्या तोंडासमोर धरला. साडूंनी आयुष्यात पूर्ण न झालेलं काही तोंडात घातलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी तोंड उघडलं. आम्हीही बसलो, आजीबाईंनी चमचे आणले, आणि आम्ही सहा जणांनी ती आंबापोळी खरवडून खाल्ली. दातात धागे अडकत होते, बोटं चिकटत होती. इतकी चांगली आंबापोळी मी पुन्हा कधी खाल्ली नाही, आणि हे त्यांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. शेवटचा ट्रे संपला तसे साडू उठले. चिकट हातांनीच त्यांनी खिशातलं पाकीट काढून माझ्या हातात दिलं, ताईंना म्हणाले, "चल," आणि अंगातल्या शर्टासकट उतारावरून चालू लागले.

आता मला सांगा, समुद्रकाठी वाढलेल्या माणसाला पोहता येतं यात नवल काय? पण आम्हाला कुणालाच ते आठवलं नव्हतं. कंबरभर पाण्यात गेल्यावर त्यांनी एकदा मागे पाहिलं आणि ते आडवे झाले. मग जे गेले ते सरळ आत. पाणी उडत नाही, घाई नाही, एकेक हात लांब. गुडघे दुखतात म्हणून स्टेशनचा जिना टाळणारा हाच का तो माणूस, असं वाटून मी चष्मा पुसला. ताई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. मला वाटलं त्या रडताहेत, जवळ गेलो तर त्या संतापानं थरथरत होत्या. "इतकं येत होतं यांना," त्या म्हणाल्या. "इतकं येत होतं, आणि मला एकदा दाखवलं नाही." इतक्या वर्षांत त्यांना एवढं रागावलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं, आणि माझा सगळा राग त्यांच्यापुढे पोरकट वाटला.

साडू परत आले, धापा टाकत. ताईंनी त्यांच्या छातीवर दोन्ही हातांनी एक धक्का दिला. ते म्हणाले, "आडवी हो. पाठीखाली हात आहे माझा." त्या आडव्या झाल्या. पाणी कानांत गेलं, मग गळ्यापर्यंत आलं. त्यांनी डोळे मिटले. साडू नुसते उभे होते, पाण्याखाली दोन्ही तळवे धरून, आणि त्यांच्या शर्टाच्या बाह्यांवर आंब्याचे डाग होते.

मी घड्याळ पाहिलं. विमान चुकणार होतं. पाच दिवस ज्या माणसानं पाण्यात जावं म्हणून मी घसा फोडला, त्यानं बाहेर यावं म्हणून मी आता किनाऱ्यावरून ओरडत होतो. साडूंनी मान वळवली नाही. "ही तरंगली की येतो," ते म्हणाले. आमच्या हीनं माझा दंड धरला आणि मला खाली वाळूत बसवलं. विमान मिळालं, पण ते कसं मिळालं हे आठवलं तरी माझा रक्तदाब वाढतो. सीटवर, बॅगेत, कुकरमध्ये, सगळीकडे वाळू होती.

ते दोघं पुण्याला गेले त्याला आता सहा महिने होतील. गेल्या गेल्या साडूंनी सोफा घेतला आणि त्याचा फोटो मला पाठवला. त्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही, आणि का काढलं नाही असं मी विचारलं तर ते जे उत्तर देतील त्याच्या भीतीनं मी विचारत नाही. घडीच्या कापडी खुर्च्या त्यांनी जाताना लेकीच्या सामानाबरोबर आमच्याकडे पाठवून दिल्या. शनिवारी लेक येते तेव्हा आमचा चांगला सोफा सोडून मागच्या अंगणात त्यातल्याच एका खुर्चीत बसते, पाय वर घेऊन, आणि पुस्तक वाचते. मी आतून बघतो. मला अजूनही राग येतो. नेमका कोणाचा, ते आता मी शोधत नाही.

दर महिन्याला सरकार रांगेतल्या तारखा, म्हणजे कधीपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते, जाहीर करतं. मला त्यांच्याशी काही देणंघेणं उरलेलं नाही, पण सवयीनं मी साडूंच्या अर्जाच्या तारखेपर्यंत रांग आली का ते बघतो. या महिन्यात ती थोडी पुढे सरकली होती. एवढ्या वर्षांत जेव्हा जेव्हा ती हलायची तेव्हा ते मला फोन करायचे किंवा मी त्यांना. माझा हात आपोआप फोनकडे गेला. तिकडे सकाळ झाली होती. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. इकडे निजायच्या वेळी ताईंचा मेसेज आला: गावी आलोय. पाण्यात होतो. काही काम होतं का?

मी लिहिलं, काही नाही.

आणि मग बराच वेळ मागच्या अंगणात जाऊन त्या खुर्चीत बसलो. ती नेहमीसारखी खाली खाली गेली, आणि मला वर काढायला हिला बोलवावं लागलं.